गळ्यातील ग्रंथी, सकाळचा चहा आणि पथ्य



आपल्याकडे एक बोलण्याची पद्धत पडून गेली आहे. शेजारीण शेजारणीला सांगते, "मला थायरॉईड आहे." वास्तविक थायरॉईड प्रत्येकालाच असते. ती नसती तर ही सभा भरली नसती, आणि मीही येथे उभा नसतो. तिला म्हणावयाचे असते ते एवढेच, की ही ग्रंथी आपले काम पुरतेपणी करीत नाही. पण भाषेतील ही लहानशी गफलत पुढे मोठा घोटाळा करते. आजार नेमका कोणता, तो कशाने झाला आणि त्याला उपाय कोणता, हे सारेच एका शब्दाच्या गाठोड्यात बांधले जाते, आणि मग ते गाठोडे घेऊन माणूस दारोदार फिरू लागतो. कोणी म्हणतो कोबी सोडा, कोणी म्हणतो मीठ बदला, कोणी म्हणतो गोळी एकदा लागली की जन्माची लागते म्हणून मुळी सुरूच करू नका. या शेवटच्या सल्ल्यापायी धडधाकट होऊ शकणारी माणसे वर्षानुवर्षे अर्धवट झोपेत असल्यासारखी जगतात. तेव्हा निदान झाल्यावर आहार, पूरक औषधे आणि दिनचर्या यांनी काय साधते आणि काय साधत नाही, एवढाच विषय मी आज घेतला आहे.

प्रथम ग्रंथीची ओळख. मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनळीला बिलगून, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी ती बसलेली असते. अन्नातून आलेले आयोडीन ती रक्तातून वेचून घेते आणि त्यापासून थायरॉक्सिन नावाचा रस तयार करते. दिवसाकाठी हा रस तयार होतो तो फार तर शंभर मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग! परंतु या कणभर द्रव्यावर हृदयाची गती, आतड्यांची हालचाल, अंगाची ऊब, स्त्रियांची पाळी, केसांची वाढ आणि मनाची उभारी अवलंबून असते. ते कमी पडले की माणूस मंदावतो. थंडी अधिक वाजते, पोट साफ होत नाही, कातडी कोरडी पडते, आवाज जड होतो, पाळीत रक्त फार जाते, आठवण राहत नाही. आणि हे सारे इतके हळूहळू होते, की घरची माणसे त्याला आळस म्हणतात आणि रोगी त्याला वय म्हणतो.

ग्रंथी मंदावण्याची कारणे अनेक आहेत. पैकी दोन महत्त्वाची आहेत आणि त्यांतील भेद ध्यानात आला म्हणजे पथ्याचा निम्मा गोंधळ आपोआप मिटतो. पहिले कारण म्हणजे अन्नात आयोडीनच नसणे. हिमालयाच्या पायथ्याशी गलगंडाने सुजलेले गळे पूर्वी सर्रास दिसत. पंजाबातील (आताच्या हिमाचल प्रदेशातील) कांगडा खोऱ्यात १९५६ सालापासून डॉ. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनी एक प्रयोग केला. खोऱ्याच्या काही भागांत आयोडीन मिसळलेले मीठ पुरविले, एका भागात साधेच ठेवले. काही वर्षांतच आयोडीनयुक्त मिठाच्या भागात गलगंड झपाट्याने ओसरला. भारत सरकारने १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, तो या ज्ञानाच्या पायावर. आज दुकानातील मिठाच्या पुडीवर आयोडीनचा उल्लेख असतो, त्यामागे ही कांगड्याची पुण्याई आहे.

दुसरे कारण अगदी निराळे. यात आयोडीन पुरेसे असते, ग्रंथीही जन्मतः चांगली असते. पण शरीराचे रक्षण करण्यासाठी ज्या पेशी नेमलेल्या, त्याच या ग्रंथीला परकी समजून तिच्यावर चालून जातात. कुंपणानेच शेत खावे तसा हा प्रकार. हाकारू हाशिमोतो या तरुण जपानी शल्यचिकित्सकाने १९१२ साली चार स्त्रियांच्या अशा ग्रंथींचे वर्णन एका जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला ग्रंथीत लसपेशींची दाटी दिसली; पण ती कशासाठी, हे त्या काळी कोणालाच सांगता येण्यासारखे नव्हते. लेख छापून झाला आणि हाशिमोतो आपल्या गावी परतून साधी वैद्यकी करू लागला. १९३४ साली विषमज्वराने तो वारला. ज्या रोगाला पुढे जगभर त्याचे नाव मिळाले, त्याचा उलगडा पाहावयास तो राहिला नाही. तो उलगडा १९५६ साली झाला. लंडनमध्ये डेबोरा डोनिआक या विदुषीच्या ध्यानात आले, की अशा रोग्यांच्या रक्तातील एका जातीची प्रथिने फार वाढलेली असतात आणि ग्रंथी काढून टाकली की ती उतरतात. म्हणजे शरीर ग्रंथीविरुद्धच काही तयार करीत असावे! तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी तशी प्रतिपिंडे रोग्यांच्या रक्तात दाखवून दिली. त्याच वर्षी अमेरिकेत सशांवर केलेल्या प्रयोगांतूनही हेच निघाले.

आपल्या रक्ततपासणीच्या कागदावर 'अँटी टी. पी. ओ.' म्हणून जो आकडा असतो, तो या प्रतिपिंडांचा. भारतातील आठ शहरांत, त्यांत मुंबई आणि गोवेही होते, पाच हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी करून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शंभरातील सुमारे अकरा माणसांची ग्रंथी मंद निघाली, आणि त्यांतील तिसऱ्या हिश्श्याला त्याची दादच नव्हती. प्रतिपिंडे तर शंभरात बावीस जणांच्या रक्तात सापडली. हे आकडे शहरांचे आहेत. सापगाव, किन्हवली, मुरबाड, टोकावडे यांची मोजणी त्यात नाही; पण ग्रंथी काही नगरपालिकेची हद्द पाहून आजारी पडत नाही. स्त्रियांत हा विकार पुरुषांहून कितीतरी अधिक, आणि एकाच घरात आई, मुलगी, बहीण यांना होण्याची प्रवृत्ती स्पष्ट दिसते.

आता मुख्य प्रश्न. आहाराने हा रोग बरा होतो का? आपल्या तालुक्यात वीटभट्ट्या पुष्कळ आहेत, म्हणून तेथलाच दाखला देतो. भट्टीवर माती येत नसेल तर माती आणून टाका, विटा पडू लागतील. कांगड्याचा गलगंड तो हाच. पण मातीचे ढीग पडलेले आहेत आणि विटा थापणारी माणसेच उरली नाहीत, तेव्हा आणखी चार ट्रक माती ओतून काय होणार? हाशिमोतोच्या रोगात थापणारी माणसे, म्हणजे ग्रंथीच्या पेशी, एकेक करून नाहीशा होत असतात. गेलेल्या पेशी बहुधा परत येत नाहीत. म्हणून तयार वीटच बाहेरून आणावी लागते. ती वीट म्हणजे थायरॉक्सिनची गोळी.

ही गोळी 'औषध' या शब्दाने ओळखली जाते याचे मला नेहमी वाईट वाटते, कारण औषध म्हटले की लोक त्याची धास्ती घेतात. वास्तविक आपल्या ग्रंथीतून जो रस निघावयाचा, तंतोतंत तोच या गोळीत असतो. इंग्लंडात न्यूकॅसल येथे डॉ. मरे यांनी १८९१ साली मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका मरणपंथाला लागलेल्या बाईला उभे केले. ती पुढे अठ्ठावीस वर्षे जगली आणि तेवढ्यासाठी आठशेंहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या. १९१४ साली अमेरिकेत केंडॉल यांनी हा रस शुद्ध स्वरूपात वेगळा केला, १९२७ साली हॅरिंग्टन यांनी तो प्रयोगशाळेत बनविला. आज मेंढ्या सुटल्या आहेत, आणि शहापूरच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात तीच वस्तू बाटलीत मिळते. मग 'जन्माची सवय लागेल' ही भीती कशासाठी? भाताची सवय आपल्याला जन्माची आहे, तिची कोणी तक्रार करीत नाही.

ग्रंथी पूर्ण निकामी झाली असेल तर गोळीचे प्रमाण साधारणपणे वजनाच्या दर किलोला १.६ मायक्रोग्रॅम असे बसते. म्हणजे पन्नास किलोच्या बाईला ऐंशीच्या आसपास. ग्रंथीत थोडे त्राण उरले असेल तर याहून कमी पुरते. वृद्धांना आणि हृदयविकार असणाऱ्यांना डॉक्टर बारा किंवा पंचवीसपासून हळूहळू चढतात, कारण दीर्घकाळ सुस्तावलेल्या हृदयाला एकदम दौडवणे धोक्याचे असते. प्रमाण बरोबर आहे की नाही हे टी. एस. एच. या तपासणीवरून कळते. मेंदूच्या तळाशी एक छोटी ग्रंथी आहे, ती थायरॉईडची मुकादम. थायरॉक्सिन कमी पडले की ती ओरडू लागते, पुरेसे झाले की गप्प बसते. टी. एस. एच. म्हणजे त्या ओरडण्याचे माप. तेव्हा आकडा वर गेला म्हणजे ग्रंथी 'वाढली' असे नव्हे, तर ती कमी पडली असा अर्थ. येथे शिकलेली माणसेही फसतात. सामान्यतः हा आकडा ०.४ ते ४ च्या दरम्यान असावा. प्रमाण बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून पुन्हा तपासावे. गोळी शरीरात फार सावकाश मुरते, निम्मी संपावयासच सुमारे सात दिवस लागतात; आठ दिवसांनी तपासून काहीच कळत नाही, पैसे मात्र जातात.

आता चहाकडे वळतो. पथ्याच्या नावाखाली शंभर गोष्टी सांगितल्या जातात, पण माझ्या मते आपल्याकडील सर्वांत महत्त्वाचे पथ्य हे एकच आहे आणि ते कोणी पाळीत नाही. गोळी आतड्यांत शोषली जावी यासाठी पोट रिकामे हवे. सकाळी उठल्याबरोबर साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि त्यानंतर अर्धा तास, शक्य तर एक तास, चहा नको, कॉफी नको, दूध नको, बिस्किट नको. आता आपल्याकडे सकाळ उजाडते ती चहानेच. पहाटेची लोकल गाठण्यासाठी आसनगावकडे धावणारा माणूस एका हातात कप आणि दुसऱ्या हातात गोळी घेऊन उभा असतो. घरातल्या बाईचे तर विचारूच नका. ती उठली की चूल पेटवते किंवा गॅस लावते, सासूबाईंचा चहा, नवऱ्याचा चहा, मुलांचे डबे, आणि या धांदलीत कोणी तरी म्हणते, "अगं, दोन घोट तूही घे." दोन घोटांबरोबर गोळी पोटात जाते आणि तिचा बराचसा भाग वाया जातो. तीन महिन्यांनी टी. एस. एच. वाढलेला दिसतो, डॉक्टर प्रमाण वाढवतात, पुढे एखाद्या वेळी ती माहेरी जाऊन नियमाने गोळी घेते, तर तेच वाढवलेले प्रमाण अंगावर येते, छाती धडधडते. दोष गोळीचा नाही, चहाच्या वेळेचा आहे.

ज्या घरात सकाळचा हा एक तास मिळणे अशक्य आहे, त्या घरासाठी दुसरा मार्ग आहे. रात्री निजताना, जेवणाला तीन तास होऊन गेल्यावर, गोळी घ्यावी. नेदरलँड्समधील डॉक्टरांनी २०१० साली अशी तुलना करून पाहिली, तेव्हा रात्रीची गोळी सकाळच्या गोळीहून कमी नव्हे, किंचित सरसच ठरली. रमजानच्या महिन्यात मुसलमान बंधुभगिनींनाही हीच वेळ सोयीची पडते. श्रावणी सोमवार करणाऱ्या भगिनींना मी एवढेच सांगेन, की घोटभर पाण्याबरोबरची गोळी ही फराळात मोडत नाही. वेळ कोणतीही निवडा, पण एकच निवडा.

लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉक्सिनला आतड्यात धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर असावे. ही गोष्ट आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे जिला थायरॉक्सिन लागते तिलाच बहुधा लोहही लागते, आणि ती बिचारी साऱ्या गोळ्या तळहातावर घेऊन एकदम गिळून मोकळी होते. थायरॉक्सिन पहाटे, लोह दुपारी जेवणानंतर आणि कॅल्शियम रात्री, अशी वाटणी केली की भांडण मिटते. आम्लपित्ताच्या काही गोळ्याही हाच अडथळा करतात. त्या नेहमी घेत असाल तर डॉक्टरांच्या कानावर घालावे. सोयाबीनचे वडे आवडत असतील तर ते दुपारी खावेत.

मिठाविषयी. आमच्या ठाणे जिल्ह्याला समुद्र आहे, मिठागरे आहेत, तेव्हा आमच्या खडे मिठात आयोडीन असणारच, असा एक गोड समज आहे. तो खरा नाही. समुद्राच्या पाण्यातून मीठ पिकताना आयोडीन त्यात जवळजवळ उरत नाही. ते मागाहून मिसळावे लागते. उपवासाच्या सैंधवाचीही हीच गत. अधिक दाम देऊन गुलाबी मीठ आणणाऱ्यांनी ते रंगासाठी आणावे, ग्रंथीसाठी नव्हे. प्रौढ माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला २५०. आयोडीनयुक्त मीठ घरी पोहोचते तेव्हा त्याच्या एका ग्रॅममध्ये निदान पंधरा मायक्रोग्रॅम असावे असा नियम आहे. थोडे मिठातून, थोडे सुकट, जवळा, बोंबील यांतून, थोडे दुधाअंड्यांतून, एवढ्यात काम भागते. बरणीचे झाकण घट्ट ठेवावे आणि मीठ शक्य तो भाजी उतरविताना घालावे, कारण ओल आणि उष्णता यांनी आयोडीन उडते.

पण येथेच उलटी चूकही होते. आयोडीन चांगले, तर अधिक आयोडीन अधिक चांगले, असे समजून काही जण समुद्रशैवालाच्या गोळ्या मागवितात. हाशिमोतोच्या रोगात हे टाळलेच पाहिजे. चीनमधील तीन वस्त्यांची पाच वर्षे पाहणी करून २००६ साली असे दाखविण्यात आले, की जेथे आयोडीन गरजेहून अधिक मिळत होते तेथे हा स्वयंघाती विकार अधिक आढळला. म्हणून मीठ सोडूही नये आणि आयोडीनच्या मागे लागूही नये. घरातील इतर माणसांचे, विशेषतः वाढत्या मुलांचे, आयोडीनयुक्त मीठ एकाच्या आजारापायी बंद करणे तर फार वाईट.

कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरीची भाजी यांवर लोकांचा उगाच राग आहे. या भाज्यांत आयोडीनच्या कामात अडथळा आणणारी द्रव्ये असतात हे खरे. पण शिजविल्यावर ती पुष्कळ कमी होतात, आणि आयोडीन पुरेसे मिळणाऱ्या माणसाने आठवड्यातून दोन वेळा कोबीची भाजी खाल्ल्याने काहीही बिघडत नाही. शिवाय जो गोळी घेतो त्याच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखीच फिका पडतो. तयार वीट बाहेरून येत असता मातीला कोण अडविते याचे महत्त्व काय? कच्च्या कोबीचा वाटीवाटी रस रोज पिण्याचे नवे वेड मात्र सोडावे. आपल्या डोंगराळ भागात पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, आवडीने खातात. त्यांत हा दोष कोबीहून अधिक असतो. आदिवासी स्त्रिया ते चिरून, उकळून, पाणी फेकून मगच भाजी करतात. कडवटपणा घालविण्यासाठी म्हणून चालत आलेली ही रीत शास्त्राच्या दृष्टीनेही अगदी योग्य आहे. वास्ते असे करून हंगामात खाल्ले तर काही हरकत नाही. बाजरीतही असे काही द्रव्य आहे. सुदानात जेथे बाजरी हेच मुख्य अन्न आणि आयोडीनही कमी, तेथे ते बाधते. तांदळाची भाकरी खाणाऱ्या शहापूर-मुरबाडने थंडीत चार वेळा बाजरी खाल्ली तर भिण्याचे कारण नाही.

गव्हाचा त्याग करण्याची टूम अलीकडे बरीच आहे. ज्यांना गव्हातील ग्लुटेनने आतड्याचा खराखुरा विकार होतो, त्यांच्यात हाशिमोतोचा रोग अधिक आढळतो, हे सिद्ध आहे. म्हणून वारंवार जुलाब, पोटफुगी, न भरणारे रक्त, किंवा गोळीचे प्रमाण वाढवूनही न उतरणारा टी. एस. एच. अशी लक्षणे असतील तर त्या विकाराची रक्ततपासणी जरूर करावी, आणि ती गहू सोडण्यापूर्वी करावी, कारण गहू सोडल्यावर तपासणी फसते. इतरांनी गहू सोडल्याने ग्रंथी सुधारते असा भरवशाचा पुरावा नाही.

पूरक औषधांच्या बाजारात आज सर्वांत पुढे आहे सेलेनियम. ग्रंथीला ते थोडे लागते हे खरे. २००२ साली जर्मनीतील एका प्रयोगात रोज २०० मायक्रोग्रॅम दिल्यावर प्रतिपिंडांचा आकडा उतरला, तेव्हापासून त्याचा गाजावाजा सुरू झाला. पण आकडा उतरणे निराळे आणि माणसाला बरे वाटणे निराळे. सेलेनियमने गोळी सुटली किंवा थकवा गेला असे नंतरच्या प्रयोगांतून पक्के दिसलेले नाही. अति झाले तर केस आणि नखे गळतात. पंजाबात होशियारपूर-नवाशहर भागात जमिनीतच सेलेनियम फार असल्याने माणसांना व गुरांना तो त्रास झालेला आहे. केस गळतात म्हणून गोळी घ्यावी आणि तिनेच केस जावेत!

ड जीवनसत्त्व आणि बी-१२ यांची गोष्ट वेगळी. ही दोन्ही कमी असतील तर भरून काढलीच पाहिजेत. ग्रंथीसाठी म्हणून नव्हे, हाडांसाठी, रक्तासाठी, मज्जातंतूंसाठी. पुण्याच्या के. ई. एम. हॉस्पिटलात डॉ. याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या अभ्यासांत बी-१२ ची कमतरता आपल्या लोकांत किती सर्रास आहे हे पुढे आले आहे. शाकाहार हे त्याचे मोठे कारण. त्यात हाशिमोतोच्या काही रोग्यांत जठरावरही तसाच स्वयंघाती हल्ला होतो आणि बी-१२ शोषलेच जात नाही. हातापायांना मुंग्या येत असतील तर नुसता टी. एस. एच. पाहून थांबू नये.

केसांसाठी म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांत बायोटिन पुष्कळ असते. त्याने ग्रंथीला काही होत नाही, पण रक्ततपासणीचे यंत्र फसते आणि मंद ग्रंथी जलद असल्यासारखे आकडे दाखविते. तपासणीपूर्वी निदान दोन दिवस ते बंद ठेवावे. अश्वगंधेबद्दल मला फार विचारतात. ती काही माणसांत थायरॉक्सिनचे प्रमाण खरोखरच वाढविते. आणि म्हणूनच ती गोळीबरोबर आपल्या मनाने घेऊ नये. काहींच्या यकृतालाही तिने इजा झाल्याची नोंद आहे. जी वस्तू गुण करू शकते ती अवगुणही करू शकते, हे आपले जुने वैद्यही जाणत होते. घेत असाल तर वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही एकमेकांचे औषध सांगा.

वजनाविषयी दोन शब्द, कारण त्यात निराशा फार होते. ग्रंथी मंदावल्याने वजन वाढते ते बहुधा दोन ते पाच किलो, आणि त्यातही अंगात साठलेले पाणी आणि क्षार यांचा वाटा मोठा. गोळीने तेवढे उतरते. पंधरा किलो वाढले असतील तर बाकीच्या दहांचा हिशेब भात, साखर आणि बैठे काम यांच्याकडे मागावा लागतो. वजन उतरावे म्हणून गोळी वाढवून मागणे हे तर धोक्याचे. जास्त थायरॉक्सिनने हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडे ठिसूळ होतात, विशेषतः पाळी थांबलेल्या स्त्रियांची. चालणे, शेतावरचे काम, पुरेशी झोप, पालेभाजी आणि डाळ, यांनी बद्धकोष्ठ हटते, मन हलके होते आणि चरबीचे आकडेही उतरतात. टी. एस. एच. योग्य असूनही काहींचा थकवा जात नाही. तेथे रक्त कमी आहे का, साखर आहे का, रात्री घोरण्याने झोप मोडते का, मन खिन्न आहे का, हे पाहावे लागते. सूनबाईचा थकवा पुष्कळदा कामाचाच असतो. त्याला गोळी नव्हे, दुसरा हात लागतो.

आता ज्या भागावर खरोखर एका जीवाचे भवितव्य टांगलेले असते, तो भाग. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत गर्भाची स्वतःची ग्रंथी काम करीत नसते. त्याच्या मेंदूची घडण आईच्या थायरॉक्सिनवर चालते. म्हणून जी बाई आधीच गोळी घेत आहे, तिने दिवस राहिल्याचे कळताच, नाव नोंदवावयास तिसऱ्या महिन्यापर्यंत न थांबता, डॉक्टरांना भेटावे. बहुतेकींना पंचवीस ते तीस टक्के अधिक प्रमाण लागते. आठवड्याला सातांऐवजी नऊ गोळ्या हा त्याचा सोपा हिशेब डॉक्टर पुष्कळदा सांगतात. पुढे दर चार-सहा आठवड्यांनी तपासणी. गर्भवतीने औषधे घेऊ नयेत या समजुतीने घरच्या वडीलधाऱ्या बायका हीच गोळी बंद करावयास लावतात. त्यांचा हेतू मायेचा असतो, पण या एका गोळीच्या बाबतीत माया उलटी पडते. बाळंतपणानंतर प्रमाण पुन्हा पूर्वीवर येते. त्याच सुमारास, बाळंतपणानंतरच्या वर्षभरात, ज्यांना आधी काही नव्हते अशा काहींची ग्रंथीही बिघडते. बाळंतिणीची उदासी केवळ 'हवा लागली' म्हणून सोडून देऊ नये. बाळ जन्मल्यावर टाचेच्या थेंबभर रक्ताची तपासणी होते का, हे प्रसूतिगृहात विचारून घ्यावे. जन्मतः ग्रंथी मंद असणाऱ्या मुलाला पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ते इतर मुलांसारखेच शिकते.

काही श्रोत्यांचा टी. एस. एच. काठावर असेल, पाच-सहा-सात असा, आणि थायरॉक्सिन अजून पुरेसे असेल. अशा सर्वांना गोळी लागतेच असे नाही. इंग्लंडातील व्हिकहॅम गावच्या लोकांवर वीस वर्षे नजर ठेवून जे आढळले ते १९९५ साली प्रसिद्ध झाले. टी. एस. एच. वाढलेला आणि प्रतिपिंडेही असलेल्या स्त्रियांपैकी दर वर्षी शंभरात चार जणींची ग्रंथी पुरती मंदावत गेली. दोहोंपैकी एकच असेल तर दोन ते तीन जणींची. म्हणून प्रतिपिंडे आहेत एवढ्याने घाबरू नये, पण दर वर्षी एकदा तपासून घ्यावे. तपासणी कोठे होते याची चौकशी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात करावी.

शेवटी गोळीच्या बाटलीविषयी. ती चुलीजवळच्या फळीवर ठेवू नये, देवघरात दिव्याशेजारीही नको. उष्णता आणि दमट हवा यांनी तिचा गुण उतरतो, आणि आपल्याकडे चार महिने हवा ओलीच असते. आतली ओल शोषणारी पुडी फेकून देऊ नये. एकच कंपनीची गोळी शक्य तो चालू ठेवावी, बदलली तर दोन महिन्यांनी रक्त तपासावे. एखाद्या दिवशी राहिली तर आठवेल तेव्हा घ्यावी. एक दिवस चुकल्याने आभाळ कोसळत नाही. मात्र मृग लागण्यापूर्वी दीड-दोन महिन्यांची बाटली घरात आणून ठेवावी. भातसेला पाणी चढले आणि सापगावचा रस्ता अडला, म्हणजे औषधाचे दुकान नदीपलीकडे राहते.